प्लगमधील उलटी जोडणी



इस्त्री तापली, मिक्सर फिरला की प्लगचे वायरिंग बरोबर आहे असे आपण धरून चालतो. पण फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली तरी उपकरण पूर्वीसारखेच चालते. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे उघडकीस येत नाही.

आमच्या घरी ती पाणी तापवायच्या रॉडने दाखवून दिली. बटण बंद केले, मंडळींनी रॉड न काढताच बादलीत बोट घातले आणि झटका बसला. पायांत रबरी चप्पल होती म्हणून निभावले. रॉड जुना, त्यातून करंट पाण्यात उतरत होता हे खरे. पण बटण बंद असताना करंट आला कुठून? मीटरची जागा बदलताना मेन स्विचजवळ दोन वायरी उलटसुलट लागल्या होत्या. त्यामुळे बटण न्यूट्रल तोडत होते आणि २३० व्होल्टची फेज थेट रॉडपर्यंत जात होती.

तीन भोकांच्या प्लगकडे समोरून पाहिले, की वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजव्या हाताचे फेजचे आणि डाव्या हाताचे न्यूट्रलचे. लाल वायर फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग असा रिवाज आहे. पण आपल्याकडे उरलेल्या गुंडाळीतली मिळेल ती वायर ओढतात, तेव्हा रंगावर जाऊ नका, टेस्टर लावा. आधी तो चालू बोर्डावर पेटतो ना, हे पाहा.

प्लगमध्ये काही न लावता बटण चालू करा. टेस्टर फक्त उजवीकडे पेटला पाहिजे, आणि बटण बंद केल्यावर कुठेच पेटता कामा नये. चालू असताना डावीकडे पेटला व बंद केल्यावर विझला, तर चूक त्याच प्लगमध्ये आहे. मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा (घरातले कोणी तरी "लाइट गेली" म्हणून मेन चालू करतेच!), टेस्टरने पुन्हा खात्री करा. मग प्लगमागच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करून स्क्रू घट्ट आवळा. सैल स्क्रू तापतो आणि प्लग जळतो.

बटण बंद असतानाही टेस्टर पेटत असेल, तर बटणावर फेज नाही, न्यूट्रल आहे. तेथे प्लगमागे वायरी बदलून काही साधत नाही. बरेच प्लग असेच दाखवत असतील तर दोष मेनजवळ असण्याचा संभव अधिक. तेथे हात न घालता परवानाधारक वायरमनला बोलवा.

सर्वांत घातक प्रकार वेगळाच. अर्थिंगचा खर्च वाचवायला काही जण प्लगमागे न्यूट्रल आणि अर्थिंग यांना तारेच्या तुकड्याने जोडतात. अशा ठिकाणी फेज-न्यूट्रल उलटले, की इस्त्रीच्या, फ्रिजच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट उतरतात, आणि उपकरण मात्र नीट चालत असते. बोर्ड उघडलाच आहे तर हा तुकडा आहे का ते पाहा. असेल तर तो काढून टाका, आणि जमिनीत खरी अर्थिंग होईपर्यंत पत्र्याचे उपकरण त्या प्लगला लावू नका.