ल आणि ळ

समुद्रपूर तालुक्यातले गिरड बाबा शेख फरीद यांच्या टेकडीमुळे सर्वांना ठाऊक आहे. तिथे मिळणारे गोल दगड म्हणजे शापाने दगड झालेला व्यापाऱ्यांचा माल, असे लोक सांगतात. २०१७ साली विदर्भातल्या कपाशीची जी माती झाली, ती मात्र कुणाच्या शापाने नव्हे, गुलाबी बोंडअळीने.

त्याच सुमारास मी गिरडला भाच्याकडे होतो. त्याचे खताबियाण्यांचे दुकान. स्वारीने संगणकाला मोबाइलचा मोडेम जोडला होता आणि काळ्या पडद्यावर हुकूम टंकून गिऱ्हाइकांना संदेश पाठवणे चालले होते. ‘एटी’ म्हणजे ‘अटेन्शन’. यंत्राला असे सावध करायचे, मग ‘सीएमजीएस’ आणि फोनचा क्रमांक. पडद्यावर बाण उमटला की मजकूर लिहायचा आणि कंट्रोल-झेड दाबायचे. मला मोठे नवल वाटले. भाचा म्हणाला, “मामा, यात नवीन काही नाही. जगातला पहिला असा संदेशसुद्धा संगणकावरूनच गेला.” ते खरे आहे. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात नील पॅपवर्थ या तरुणाने संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छा धाडल्या होत्या.

भाच्याने मात्र मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत धाडला होता: ‘कपाशीवर बोंड अली, बघा.’

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी हसतमुखाने दुकानात आले. “बोंडं आली म्हणून तुम्ही कळवलं, बरं वाटलं जी. मलेही दिसली ना!” दाखवायला म्हणून त्यांनी पिशवीतून एक हिरवेगार, टपोरे बोंड काढले. भाच्याने ते चाकूने चिरले. आत गुलाबी अळी वळवळत होती.

म्हातारबुवांचे हसू मावळले. दुकानात कुणी काही बोलेना.

मी भाच्याला विचारले, “देवनागरीत का नाही लिहिलंस?” तो म्हणाला, “मामा, इंग्रजी अक्षरं एका संदेशात १६० मावतात, देवनागरी फक्त ७०. दोन संदेशांचे पैसे कोण भरणार?” हिशेब बरोबर होता. संदेशाची पिशवी १४० बाइटांची. साध्या इंग्रजी अक्षराला सात बिटे पुरतात, आपल्या अक्षराला सोळा लागतात आणि काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. त्यातून काही जुन्या फोनांवर मराठीऐवजी नुसते चौकोन उमटत, हेही खरे. पण यंत्राला ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला भेद कळतो. एकाचा संकेतांक ०९३२, दुसऱ्याचा ०९३३. तो विसरतो आपणच.

मी कागद ओढला आणि लिहिले: ‘कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली आहे. कामगंध सापळे लावा.’ कानेमात्रे, मोकळ्या जागा, पूर्णविराम धरून मोजले. पन्नास! एका संदेशात बसून वर वीस उरत होते.

भाच्याने मुकाट्याने तो मजकूर सर्वांना धाडला. म्हातारबुवांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून अक्षर-अक्षर लावत वाचला आणि सापळ्यांचा भाव विचारला.