कळपाला मोकळं रान लागतं

१९७१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या उम्फोलोझी अभयारण्यातून वीस पांढरे गेंडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन पास्क्वाल खोऱ्यात आले. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयाने शहराबाहेर, सुमारे १,८०० एकरांवर, मोकळं उद्यान उभारायला घेतलं होतं. शहरातल्या जुन्या संग्रहालयात मांधला नावाचा गेंडा एकाच मादीबरोबर अनेक वर्षं राहत होता, पण पिल्लू काही झालं नव्हतं. त्यालाही या कळपात आणून सोडलं आणि बघता बघता तो अनेक पिल्लांचा बाप झाला. प्राणी तोच होता. बदलली ती जागा आणि सोबत.

खुरवाल्या प्राण्यांचं सगळं जगणं कळपाभोवती फिरतं. हरणं आणि रानघोडे यांच्यापाशी वाघासारखी नखं नाहीत. सावध राहणं आणि वेळेवर पळणं हाच त्यांचा बचाव. धोका किती जवळ येऊ द्यायचा, याचं प्रत्येक जातीचं एक माप असतं. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी त्या पलायन-अंतराचा बारकाईने अभ्यास केला. पिंजरा त्या अंतराहून लहान असेल, तर माणूस समोर आला की जनावर बुजतं, जाळीवर धडकतं, कधी पायही मोडून घेतं. मोकळ्या रानात ते चार पावलं मागे सरतं आणि पुन्हा चरू लागतं.

खुरांचंही तसंच. ती आयुष्यभर वाढत राहतात आणि खडबडीत जमिनीवर चालता चालता झिजतात. मऊ भुईवर, चालणं कमी असेल तर ती वेडीवाकडी वाढतात आणि प्राणी लंगडू लागतो.

पण नुसती जमीन मोठी असून भागत नाही. चारा एकाच जागी टाकला तर दांडगे नर खातात आणि दुबळे उपाशी राहतात, म्हणून तो चार ठिकाणी विभागून ठेवावा लागतो. माजावर आलेल्या नरांना वेगळं करण्याची सोय हवी. आजारी प्राणी कळपात आपलं दुखणं लपवतो. ते ओळखायला रोजची पारखी नजर हवी.

या मेहनतीचं फळ अरबस्तानच्या ओरिक्स हरणाने दाखवलं. १९७२ पर्यंत ते वाळवंटातून शिकारीमुळे नाहीसं झालं होतं. फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात जपलेल्या कळपातले काही ओरिक्स सॅन दिएगोच्या उद्यानात आले, वाढले. १९८० मध्ये तिथून काही ओमानला गेले आणि १९८२ मध्ये जिद्दत अल-हरासीसच्या माळावर मोकळे झाले. पुढे ओमानमध्ये चोरट्या शिकारीने पुन्हा घाला घातला, तरी जात वाचली. २०११ मध्ये जागतिक लाल यादीत ओरिक्सची गणना ‘संकटग्रस्त’मधून ‘असुरक्षित’ या कमी धोक्याच्या वर्गात झाली. रानातून पुसल्या गेलेल्या प्राण्याने इतकी मजल मारण्याची ती पहिलीच वेळ होती.

आपल्याकडेही २०२१ पासून नागपूरच्या गोरेवाड्यात तृणभक्षी प्राण्यांची सफारी सुरू आहे. अशा ठिकाणी गेलात तर नीलगाय जवळ आली नाही म्हणून हिरमुसू नका, हाकाही मारू नका. दूर उभं राहून निवांत चरण्याची मुभा तिला आहे, हीच त्या जागेची खरी कसोटी आहे.