अरुंद मथळा-टंकाची रचना आणि वापर : ‘ऑल्टरनेट गॉथिक’च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना : महाविद्यालयातील सूचना, परिसंवादाची पत्रिका, नियतकालिकाचे मुखपृष्ठ यांची अक्षरजुळणी आज बहुधा प्राध्यापक आणि विद्यार्थी स्वतःच संगणकावर करतात. मथळा एका ओळीत मावेनासा झाला की नेहमीच्या फाँटची अक्षरे आडव्या अंगाने दाबून बसविण्याची प्रथा सर्रास आढळते. अक्षर मुळातच अरुंद घडविणे आणि रुंद अक्षर यंत्राने दाबणे या दोन सर्वस्वी भिन्न क्रिया आहेत. हा भेद ‘ऑल्टरनेट गॉथिक’ या अमेरिकन टंकाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी : अरुंद टंक ही जाहिरातीची निर्मिती होय. एकोणिसाव्या शतकात भिंतीवरील जाहिरातींसाठी मोठ्या आकाराच्या अक्षरांची गरज निर्माण झाली. त्या आकाराचे शिशाचे खिळे अतिशय जड आणि महाग पडत. 1827 मध्ये न्यूयॉर्क येथील डेरियस वेल्स याने लाकडी अक्षरे यंत्राच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला आणि ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. कागदाची रुंदी ठरलेली, शब्दांची लांबी मात्र अनिश्चित. त्यामुळे मुद्रक प्रत्येक ओळीसाठी कमीअधिक रुंदीची अक्षरे निवडून ती कागदभर बसवी. वृत्तपत्राच्या निमुळत्या स्तंभातही हाच प्रश्न होता.

1892 मध्ये 23 टंकशाळांच्या एकत्रीकरणातून ‘अमेरिकन टाइप फाउंडर्स’ ही कंपनी स्थापन झाली. तिचा प्रमुख टंकरचनाकार मॉरिस फुलर बेंटन याने 1903 मध्ये ‘ऑल्टरनेट गॉथिक’ सिद्ध केला. अमेरिकन मुद्रकांच्या परिभाषेत ‘गॉथिक’ म्हणजे टोकांना बारीक आडव्या रेघा नसलेले साधे, ठसठशीत अक्षर. मध्ययुगीन गॉथिक लिपीशी त्याचा संबंध नाही. हा टंक क्रमांक 1, 2 आणि 3 अशा तीन रुंदींत उपलब्ध होता. एका रुंदीत मथळा बसला नाही तर खिळेजुळाऱ्याने दुसरी उचलावी. अक्षर दाबण्याची सोय धातूत नव्हतीच, आणि ते एका परीने बरेच होते.

रचना : या टंकातील रोमन ‘ओ’ पाहावा. त्याच्या दोन्ही बाजू गोल नसून उभ्या सरळ रेषा आहेत. वळण केवळ माथ्याशी आणि तळाशी उरते. लहान लिपीतील अक्षरांचा मधला भाग उंच ठेवलेला आहे. उभी काळी रेघ, मग पांढरी पोकळी, पुन्हा काळी रेघ अशी कुंपणाच्या फळ्यांसारखी लय त्यातून तयार होते. अरुंद टंकाची खरी कसोटी या पोकळीत असते. ती बुजली की अक्षर ठळक दिसते, पण वाचता येत नाही.

यंत्राने दाबलेल्या अक्षरात नेमके काय घडते? समजा, अक्षराची उभी व आडवी रेघ प्रत्येकी 10 एकक जाडीची आहे. रुंदी 60 टक्के केली की उभी रेघ 6 एककांची होते, आडवी मात्र 10 एककांचीच राहते. रचनाकाराने राखलेला जाडीचा तोल एका कळीसरशी उलटतो. अरुंद टंक घडविणारा रचनाकार मात्र उभ्या रेघेची जाडी प्रथम ठरवितो आणि त्यानुसार आडव्या रेघा व वळणे हलकी करीत जातो.

पुनरुज्जीवन : 1903 मध्ये हे अक्षर ‘जुन्या वळणाचे’ नव्हते, ते चालू काळाचे होते. जुनेपणाचा भास नंतरच्या वाचकाच्या स्मृतीतून येतो. 2005 मध्ये सुरू झालेल्या यूट्यूबच्या आरंभीच्या बोधचिन्हात याच टंकाचा क्रमांक 2 योजला होता. लाल चौकटीचा आकार जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या पडद्याचा, आणि अक्षरही त्याला साजेसे. मूळ कंपनी 1993 मध्ये दिवाळखोरीत निघाली. 2009 मध्ये ‘द लीग ऑफ मूव्हेबल टाइप’ या गटाने क्रमांक 1 वर आधारित ‘लीग गॉथिक’ मुक्त परवान्यासह प्रसिद्ध केला. येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. धातूच्या काळात प्रत्येक आकाराचा खिळा स्वतंत्रपणे कोरला जाई आणि लहान आकारात पोकळी थोडी मोकळी ठेवता येई. संगणकावर बहुधा एकच आरेखन सर्व आकारांना पुरविले जाते. परिणामी असा टंक मथळ्यातच शोभतो. परिच्छेदात तो डोळ्यांना शीण देतो.

देवनागरीतील वापर : देवनागरीत प्रश्न अधिक बिकट होतो. रोमन मोठ्या लिपीच्या ओळी एकमेकींना जवळजवळ भिडवता येतात. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार यांना जागा सोडावीच लागते. अक्षर दाबले की शिरोरेखा जाड राहते व काना बारीक होतो, म्हणजे फलकावर दुरून प्रथम दिसतो तो काळा आडवा पट्टा. ‘ख’ आणि ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजतात. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांतील फरक शिरोरेखेजवळच्या लहानशा मोकळ्या जागेवर अवलंबून असतो, आणि तीच प्रथम नाहीशी होते. आडनावाच्या आद्याक्षरानुसार लावलेली परीक्षेची बैठकव्यवस्था गर्दीच्या मागे उभे राहून वाचणाऱ्या, त्यातही अधू दृष्टीच्या विद्यार्थ्याला याची किंमत मोजावी लागते.

इंडियन टाइप फाउंड्रीने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेले ‘तेको’ आणि ‘खंड’ हे देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींतील आटोपशीर मथळा-टंक विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांत अरुंदपणा आरेखनातच सामावलेला असल्याने अक्षराच्या रुंदीचे प्रमाण 100 टक्केच ठेवावे. ओळींतील अंतर मात्र रोमन मथळ्यापेक्षा सढळ असावे. चार-पाच शब्दांच्या मथळ्याला हे टंक उत्तम न्याय देतात. आपल्या परिसंवादांची शीर्षके वीस-वीस शब्दांची असतात, तेथे कोणताही टंक पुरा पडणार नाही. अशा वेळी शीर्षक दोन ओळींत विभागावे किंवा सरळ छोटे करावे.