स्वयंपाकघराचा दूरचा सारथि

सकाळीं चहाचें आधण ठेवतांना शेगडीची कळ फिरवावी कीं निळी ज्योत उठते. तिच्यामागें सिलिंडर आहे, हें घरांतील लहान मूलहि जाणतें. परंतु त्या सिलिंडरामागें कोठेंतरी रात्र जागलेला एक टँकरचालक आहे, याची आठवण आपणां सुशिक्षित कुटुंबांना क्वचितच होते.

मुंबईंत हा वायु घरोघर मिळूं लागला तो १९५५ सालापासून. प्रोपेन व ब्यूटेन हे त्याचे मुख्य घटक. दाब देऊन त्याचा द्रव केला म्हणजे सुमारें अडीचशें घागरी वायु एका घागरींत मावतो. मोठ्या टँकरांत असा सतरा टनांच्या आसपास द्रव असतो, १४.२ किलोंच्या हिशेबानें तो सुमारें १२०० सिलिंडरांस पुरतो. म्हणजे बाराशें घरांचा स्वयंपाक एका चालकाच्या भरंवशावर वाट चालत असतो!

ही टांकी काठोकाठ भरीत नाहींत. उन्हानें द्रव फुगतो, म्हणून शेंकडा पंधराच्या सुमारास जागा मोकळी ठेवावी लागते. ११ जुलै १९७८ रोजीं स्पेनमध्यें प्रोपिलीन नांवाच्या ज्वालाग्राही वायूनें मर्यादेबाहेर भरलेला टँकर प्रवाशांच्या एका छावणीपाशीं फुटला आणि दोनशेंहून अधिक माणसें प्राणास मुकलीं.

परंतु याच मोकळ्या जागेमुळें आंतील द्रव हिंदकळतो. वळणावर तो बाहेरच्या बाजूस झुकतो. ब्रेक दाबतांच पुढें लोटतो. यास्तव बोरघाटासारख्या उतारावर या चालकाचें कसब वेगांत नसून संयमांत असतें. वळण येण्यापूर्वींच गति आवरावी, खालच्या गिअरांत उतरावें, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवावें, हें त्याचें शास्त्र. तें पाळण्यास डोळ्यांत झोंप नसली पाहिजे.

चूक कोणाचीहि असो, तिची किंमत जबर असते. २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्रीं केरळांत कन्नूरजवळ चाला येथें एक टँकर दुभाजकावर आदळून उलटला. हा वायु हवेहून जड. तो वर उडून न जातां जमिनीलगत घरांपर्यंत पसरला आणि पेटला. वीस जीव गेले. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूरनजीक वळणार्‍या टँकरला मालमोटारीची धडक बसली, आणि पुन्हां तोच अनर्थ घडला.

मोटर-कामगारांसाठीं कायद्यानें १९६१ सालींच दिवसाला आठ तासांची सामान्य मर्यादा घालून दिली. परंतु माल लवकर पोंचावा ही घाई मालकाइतकीच गिर्‍हाइकाचीहि असते. 'आज सिलिंडर कां आला नाहीं?' असा आपला त्रागा दुकानदारामार्फत वरवर चढत शेवटीं त्या चालकाच्या झोंपेवरच जाऊन पडतो, हें ध्यानांत घ्यावयास नको काय?

तेव्हां घरांत एक भरलेला सिलिंडर राखून ठेवावा आणि एखाद्या दिवसाचा उशीर शांतपणें सोसावा. रस्त्यावर आपली मोटार टँकरपुढें एकाएकीं घालूं नये. टँकर उलटलेला दिसल्यास बघ्यांत सामील न होतां वारा ज्या दिशेनें येत असेल तिकडे दूर जावें, गाडीचें इंजिन सुरू करूं नये, काडी ओढूं नये, आणि सुरक्षित अंतरावरून ११२ या क्रमांकावर वर्दी द्यावी. घरांतील मुलांनाहि हें सांगून ठेवावें.

आपल्या घरीं ज्योत पेटावी म्हणून जो रात्रभर अग्नीपासून जपत येतो, त्याला पुरेशी झोंप मिळूं देणें हें आपलें साधें कर्तव्य होय.