जेवताना येणारी फिट

माणूस पंगतीत बसलेला असतो. चार घास पोटात गेल्यावर त्याचा हात मध्येच थांबतो, नजर खिळते, तोंड उगाच चावल्यासारखे हलत राहते. हाक मारली तर ओ देत नाही. मिनिटाभराने भानावर येतो, पण मधले काहीच त्याला आठवत नाही. असे दोन-तीनदा घडले की घरात कुजबुज सुरू होते : अन्नाला दृष्ट लागली, कोणी काही खाऊ घातले. पुढे तो माणूस ताटालाच भिऊ लागतो आणि अर्धपोटी उठतो.

हा अपस्माराचाच, म्हणजे मिरगीचा, एक विरळा प्रकार आहे. आपला मेंदू विजेच्या सूक्ष्म संदेशांवर चालतो. त्याचा एखादा भाग नाजूक झालेला असला, तर ठराविक निमित्ताने तेथे संदेशांचा एकदम कल्लोळ उठतो. चव, वास, चावणे, गिळणे यांची केंद्रे मेंदूत कानशिलाच्या आतील बाजूस जवळजवळ आहेत. जेवणाने उठणारा झटका बहुधा त्याच परिसरातला. दोष अन्नाचा नव्हे. निमित्तेही नाना प्रकारची असतात. कर्नाटकात, विशेषतः म्हैसूर-बंगळूरकडे, डोक्यावर कढत पाण्याचे तांबे भराभर ओतून नहाताना फिट येणारे रुग्ण पुष्कळ आढळले आहेत. त्यांपैकी अनेकांना पाणी कोमट केल्यानेच आराम पडतो. जपानात १९९७ साली दूरदर्शनवरील एका चित्रमालिकेच्या लखलखाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत अनेकांना झटके आले होते.

निमित्त ओळखणे हे निम्मे निदान होय, आणि ते घरच्यांनाच साधते. झटका कोणत्या घासाला आला, किती वेळ टिकला, हे लिहून ठेवावे व डॉक्टरांना सांगावे. मेंदूचा आलेख आणि चित्र काढून औषध ठरते. ते मनानेच बंद करणे हा सर्वांत घातक उद्योग.

जेवताना फिट आली तर घास श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. रोग्याला कुशीवर वळवावे, तोंडातले अन्न आपोआप बाहेर येऊ द्यावे. बोटे, चमचा, पाणी काहीही तोंडात घालू नये. कांदा किंवा जोडा हुंगवण्याने काहीही साधत नाही, वेळ मात्र जातो. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा नंतर श्वास नीट चालला नाही, तर तडक दवाखाना गाठावा.

गोसीखुर्दला वैनगंगेवर धरण होऊन पाणी दूरवर पसरले आहे. अशा गावात मिरगीच्या रोग्याने नदीवर एकट्याने अंघोळीला जाऊ नये, नावेत एकटे बसू नये; चुलीशी आणि विहिरीशी तीच सावधगिरी. मात्र सावधगिरीच्या नावाखाली त्याची पंगत वेगळी मांडण्याचे काही कारण नाही. हा रोग उष्ट्याने लागत नाही. लग्नाच्या कायद्यातील मिरगीची आडकाठीही १९९९ साली काढली गेली आहे. लग्न जुळवणाऱ्या वडीलधाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे, असे आम्हांस वाटते.