भिंतीजवळचे उड्डाण

पुलाच्या उंच खांबाला तडा गेला आहे काय, हे पाहण्यासाठी आता ड्रोन हे चिमुकले मानवरहित विमान पाठविता येते. तडा नीट दिसावा म्हणून त्याला भिंतीच्या अगदी निकट जावे लागते. परंतु खरा धोकाही तेथेच असतो.

ड्रोनचे पंखे वरची हवा ओढून वेगाने खाली लोटतात. त्या हवेच्या प्रतिक्रियेने ड्रोन वर उचलले जाते. मोकळ्या आकाशात ही हवा चोहोंकडून सारखीच येते. भिंतीजवळ मात्र तिची एक वाट बंद होते. मग भिंत आणि ड्रोन यांमधील हवेचा दाब घटतो आणि दुसऱ्या बाजूचा अधिक दाब ड्रोनला बहुधा भिंतीकडेच ढकलतो. पाते भिंतीला लागले, की ड्रोन कोसळलेच!

स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी यावर निराळाच उपाय योजिला. आदळूनही उडत राहणारे कीटक पाहून त्यांनी ड्रोनभोवती सर्व दिशांना फिरणारा गोल पिंजरा बसविला. या ‘गिंबॉल’ ड्रोनला २०१५ साली दुबई येथे दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिक मिळाले. त्याचा पिंजरा भिंतीला घासून फिरतो. आतील ड्रोन मात्र तोल सांभाळून उडत राहते. जी भिंत टाळता येत नाही, तिला स्पर्श करूनच ते आपले काम पार पाडते.