देशमुखांचे ‘दशमुख’ का झाले?

बुलढाण्यात आमच्या शेजारी देशमुख राहतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दारावर हौसेनं पाटी लावली. आरपार दिसणारं ॲक्रिलिक, त्यावर काळ्या एनॅमलनं वळणदार अक्षरं. दुसरा पावसाळा सरला आणि ‘दे’वरची मात्रा गळून पडली. उरलं ‘दशमुख’. गल्लीतल्या पोरांना रावणाचा पत्ता मिळाला आणि देशमुखांनी पेंटरच्या नावानं बोटं मोडली. मात्र रंग चांगल्यापैकी होता. चूक रंग आणि पाटी यांच्या मधल्या जागेत होती, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही.

भिंतीला बारीक छिद्रं असतात, लाकडाला रेषा असतात. रंग त्यांत शिरतो आणि तिथंच वाळून अडकून बसतो. ॲक्रिलिकला छिद्र नाही की रेषा नाही. त्याचं रासायनिक नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. १९३३ साली जर्मनीत ते ‘प्लेक्सिग्लास’ या नावानं बाजारात आलं आणि महायुद्धात लढाऊ विमानांच्या खिडक्यांना वापरलं गेलं. त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसूनही डोळा बिथरत नाही, हे इंग्लंडचे नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिलं आणि १९४९ मध्ये याच पदार्थाचं भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. डोळ्याशी भांडण न करणारा हा पदार्थ रंगाशी सलगीही करत नाही.

अळवावरचं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर, आणि पानावरच्या मेणाची ओढ फारच कमी. म्हणून थेंब गोळी होऊन घरंगळतो. ॲक्रिलिकची ओढ ४०च्या आसपास असते. रंगाचा पृष्ठताण याहून कमी असेल तर तो पसरतो, म्हणजे इथवर ठीक. पण शीटवरचा कागद सोलून कुणी हात फिरवला, की बोटांचं तेल लागतं. गाडीच्या डॅशबोर्डला चोळतात त्या सिलिकॉन पॉलिशचा अंश लागला तर ओढ विशीत येते आणि रंगात माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात. वर आणखी एक खोड: कोरड्या फडक्यानं पुसलं की शीटवर स्थिर वीज साचते आणि ती सगळी धूळ बोलावून घेते. एप्रिलमध्ये खामगाव-मलकापूरच्या कोरड्या हवेत तर हे हमखास होतं. साबणाच्या पाण्यानं धुवावं, ओल्या मऊ कापडानं टिपावं, शेवटी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात द्यावा. पेट्रोल नको, ॲसिटोन तर नकोच.

आता पकड. एनॅमल टर्पेंटाइनमध्ये पातळ करतात आणि टर्पेंटाइन ॲक्रिलिकला स्पर्शही करत नाही. रंग वर नुसता सायीसारखा बसतो. शिवाय एनॅमल हवेतला प्राणवायू घेत वर्षानुवर्षं कडक होत जातं आणि शेवटी ठिसूळ होतं. याउलट ॲक्रिलिकच्याच जातीचा लॅकर रंग वापरला, तर त्यातला थिनर शीटचा अगदी वरचा थर किंचित विरघळवतो. रंगातल्या आणि शीटमधल्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि थिनर उडून गेला की ती गाठ पक्की होते. पाट्यांच्या दुकानात ॲक्रिलिकचे तुकडे क्लोरोफॉर्म लावून जोडतात, त्यामागचं तत्त्व हेच.

पण अति झालं की माती. लेझरनं कापलेल्या कडेत ताण कोंडलेला असतो. तिथं तीव्र थिनर पोचला की केसाएवढ्या चिरांचं जाळं उठतं. शीट ८० अंशांच्या आसपास काही तास तापवून सावकाश थंड केली, तर हा ताण निघून जातो. पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. थिनर भरभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. श्रावणात स्प्रे गन चालवायचीच असेल तर हळू उडणारा थिनर घ्यावा.

पॉलिश पेपरनं घासलं तर? पकड वाढते, पण शीट धुरकट होते. इथं प्रकाशशास्त्र मदतीला येतं. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, रंगातल्या राळेचाही दीडच्या जवळपास. रंग ओरखड्यांत भरला की प्रकाशाला दोघांतला फरक कळत नाही आणि ओरखडे दिसेनासे होतात. मात्र अक्षराबाहेर घासायचं नाही. व्हिनाइलचं स्टेन्सिल चिकटवून फक्त अक्षराची जागाच घासायची.

मग मात्राच आधी का पडली? पाटी रोज थोडी लांबते आणि आखडते. ॲक्रिलिक काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावतं. चार फुटी शीट हिवाळ्यातल्या पहाटेच्या १० अंशांपासून उन्हात ६० अंशांपर्यंत तापली तर चारेक मिलिमीटर वाढते. ठिसूळ रंगाला ही ओढाताण झेपत नाही, आणि तो सुटतो नेहमी कडेपासून. बारीक फटकाऱ्याला क्षेत्रफळ कमी आणि कडा जास्त. रोमन अक्षरं बहुधा जाडजूड आणि सुटसुटीत असतात. आपल्या लिपीत मात्रा, वेलांटी, अनुस्वार म्हणजे डोक्यावर तोलून धरलेला संसार. २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे हा प्रश्न आता एकट्या देशमुखांचा राहिलेला नाही.

माझं मत विचाराल तर पाटी मागून रंगवून घ्या. अक्षरं उलटी लिहायची, आधी अक्षर आणि मग पार्श्वभूमी. काचेवरची जुनी चित्रं अशीच रंगवत. ऊन-पाऊस समोरून ॲक्रिलिक झेलतं, रंग त्याच्या आडोशाला राहतो. भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडायला सांगा, म्हणजे शीटला हलायला जागा राहील.

आणि पाटी ताब्यात घेण्याआधी पेंटरकडून एक नमुन्याचा तुकडा रंगवून घ्या. आठवडाभर वाळू द्या. ब्लेडनं त्यावर बारीक चौकटी कोरा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर रंगाचे चौकोन आले, तर ती पाटी घेऊ नका.